घसरलेला ‘का’

४ तारीख, सोमवार

बोलायचं नाही असं सांगितलंय, म्हणून लिहितोय. मुलगी गावी परत जाताना ही डायरी उशाशी ठेवून गेली. म्हणाली, "बाबा, जे विचारायचंय ते हिला विचारा, त्या नर्सला जरा सोडा." मूग गिळून गप्प बसावं म्हणतात. माझी तऱ्हा अशी की मूगही गिळता येत नाहीत, नुसतंच गप्प.

जिभेच्या मुळाशी, जिथं आपलं बोटसुद्धा पोचत नाही तिथं, कॅन्सरची गाठ होती. गेल्या आठवड्यात ती रोबोटनं काढली, तोंडातूनच. जबडा कापला नाही, गाल कापला नाही. मानेतल्या गाठींसाठी तेवढी कानामागून खाली एक चीर दिली आहे. आता नाकात नळी आहे आणि तिच्यातून दुधासारखं काहीतरी पोटात जातं. चव नाही, वास नाही, ढेकर मात्र येतो. तो कुठून येतो? विचारायचंय.

डॉक्टर सकाळी येऊन गेले. गाठ पूर्ण निघाली, कडा साफ आहेत, म्हणाले. "आता सगळा खेळ गिळण्याचा. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत वाट बघू. घास श्वासनलिकेत जात राहिला तर पोटाला छोटं भोक पाडून नळी बसवावी लागेल, आणि ती बहुतेक कायमची."

मला पोटातून जेवायचं नाही. मला माझ्या खुर्चीत बसून, हिच्यासमोर जेवायचंय. लग्न झाल्यापासून आमचं एकच टेबल, दोन खुर्च्या. मी बोलतो, ही ऐकते, ताटं रिकामी होतात. एवढंच मागणं आहे.

दुपारी एक गंमत झाली. नर्स म्हणाली, "आजची तपासणी पुढे ढकललीय." आता असं ऐकून माणूस काय विचारेल? मी विचारलं, "का?" तर जीभ मागून उचललीच जाईना. क घसरला आणि बाहेर आला ख. ती म्हणाली, "अजून खायचं नाही हो काका!" मी परत म्हणालो, "का?" ती म्हणाली, "सांगितलं ना, खायचं नाही! किती तो उतावीळपणा!" मी तिसऱ्यांदा प्रयत्न करणार तेवढ्यात ही हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली, म्हणून मी तो विषय सोडून दिला.

नंतर पांघरुणात तोंड घालून सगळी बाराखडी तपासली. प फ ब भ ठणठणीत. त थ द ध चालू. क, ग, घ कामातून गेलेत, उरलाय तो घशात घासणारा ख. म्हणजे ‘अगं’ गेलं, ‘काय’ गेलं, ‘कुठे, कधी, कोण, कसं’ सगळे गेले. बघावं तर मराठीतला प्रत्येक प्रश्न क वरच उभा! हे आजवर माझ्या लक्षात कसं आलं नाही?

६ तारीख, बुधवार

रोबोट बघितला! डॉक्टरांना पाटीवर लिहून लिहून भंडावून सोडलं होतं. शेवटी ते म्हणाले, "चला, फेरी मारायला निघालाच आहात तर दारातून दाखवतो."

मला वाटलं होतं चेहराबिहरा असेल. तो आपला प्लास्टिकच्या आवरणात चार लांब हात दुमडून कोपऱ्यात उभा. वर्कशॉपमधल्या आमच्या झाकून ठेवलेल्या ड्रिलसारखा. आणि खरी निराशा पुढेच. तो स्वतःहून काहीच करत नाही. डॉक्टर बाजूला एका पेटीत डोळे घालून बसतात, बोटं कड्यांत अडकवतात. यांची बोटं हलली की तिकडे घशात त्याची हलतात. म्हणजे बाहुल्यांचा खेळ की हो! पाटीवर तसं लिहिलं तर डॉक्टर मोठ्यांदा हसले.

मी लिहिलं, "तुमचा हात थरथरला तर?"

"तो थरथर गाळून टाकतो."

गाळून टाकतो! पाण्यातून कचरा गाळावा तशी थरथर गाळतात. आयुष्यभर पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त केले, पण हे नव्हतं सुचलं. दिवसभर त्याचाच विचार चालू आहे. गाळलेली थरथर जाते कुठे?

९ तारीख, शनिवार

घरी आलो. नळी नाकात तशीच.

ही मोठ्या सिरिंजनं पातळ जेवण नळीत सोडते. हात एवढा स्थिर की रोबोटनं शिकावं. मी खुर्चीत ताठ बसतो आणि ते उतरताना बघतो. ही विचारते, "थंड लागतंय? जोरात जातंय?" लागणार कुठं, मधला सगळा रस्ताच टाळलाय. मी मान हलवतो. मग ती सिरिंज धुते, मला पडायला लावते आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेते.

घराला एक नवीन सवय लागलीय. कशाचाही वास येत नाही. फोडणी नाही, कांदा नाही, काही नाही. नळीमुळे माझं नाकच बिघडलं असणार. मंगळवारी गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई भेटणार आहेत, त्यांना विचारायला हवं.

१२ तारीख, मंगळवार

गिळण्याच्या व्यायामाची बाई. मी तिला मनात गिळबाई म्हणतो. वयानं आमच्या मुलीएवढी, पण शिस्त हेडमास्तरणीची.

मी आधीच तयारी करून गेलो होतो. पाटीवर चित्र काढून दाखवलं: दोन पाइप, एक झडप. अन्न आलं की झडप हवेचा पाइप बंद करते. माझी झडप ढिली झालीय, स्प्रिंग बदला, विषय संपला. नाहीतर पंपानं हवा धरलीय, पाणी भरून सुरू करा.

गिळबाईनं चित्र नीट बघितलं आणि म्हणाली, "छान आहे, काका. फक्त चूक आहे." झडप एकटी काहीच करत नाही म्हणे. जीभ मागे ढकलते, टाळू वर जातो, सगळं स्वरयंत्र उचललं जातं, मग ती झाकली जाते. वीसेक स्नायू पापणी लवायच्या आत एकामागून एक हलतात. एकाचा जरी क्रम चुकला तरी ठसका. माझ्या जिभेचा मागचा तुकडा गेलाय आणि टाळूची एक कडाही, त्यामुळे बाकीच्यांना त्याचं काम शिकावं लागणार.

इतकी वर्षं गिळतोय, आणि हे आत्ता कळतंय! एवढी भारी यंत्रणा आपल्याकडे आहे आणि आपण तिच्यातून काय काय ढकलत होतो.

व्यायाम काय, तर आवंढा गिळा. नुसता. आयुष्यभर मला वाटायचं आवंढा गिळणं म्हणजे दुःख दाबणं. इथं तो दिवसातून अनेकदा करायचा व्यायाम आहे. दुसरा व्यायाम क चा. जीभ मागे न्या, टाळूला चिकटवा, सोडा. काका, काकडी, कपाट. माझं खाखा, खाखडी, खपाट. गिळबाईनं ओठ दाबले. ही दाराशी बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. हसा म्हणावं!

थोडं बोलायची परवानगी मिळाली.

१३ तारीख, बुधवार

स्वयंपाकघरातला नळ बिघडलाय. दुपारी हिनं दार लोटलं की आत नळ सुरू होतो तो बराच वेळ. भांडी घासल्यासारखा नाही, चालू-बंद असा नाही, एकसारखा धो धो. वॉशर गेला असणार, ही दाबून बंद करायला बघत असेल आणि होत नसेल. सांगायचं नाही, मुकाट्यानं सहन करायचं, हा हिचा स्वभावच.

बाहेर आली तेव्हा विचारलं, "नळ का चालू होता?" माझा क सटकलाच.

ती म्हणाली, "खाईन हो मी. तुम्ही पडा बघू."

मी नळाचं विचारतोय, ही जेवणाचं सांगतेय! ऐकू कमी यायला लागलंय की काय हिला?

संध्याकाळी उठून नवा वॉशर बसवला. मान वळत नाही, खांदा दुखतो, तरी बसवला. पाना हातात आला की बरं वाटतं. नळ आता एका बोटानं बंद होतो.

१५ तारीख, शुक्रवार

नळ दुपारी परत चालू. नवा वॉशर, तरीही! वरच्या टाकीतून दाब जास्त येतोय का? की दांडाच झिजलाय?

१८ तारीख, सोमवार

गिळण्याचा एक्सरे. फोटो नाही, सिनेमा. पांढरट चुन्यासारखं काहीतरी चमच्यानं देतात आणि आपण गिळताना पडद्यावर आपलाच सांगाडा गिळताना दिसतो. जबडा हलतोय, मानेचे मणके उभे, आणि ते पांढरं पडद्यावर काळी धार होऊन खाली उतरतेय. मी इतका रंगून गेलो की दुसरा चमचा घ्यायचंच विसरलो.

मग गिळबाईनं चित्र थांबवलं आणि बोट ठेवलं. एक बारीक काळी रेघ पुढच्या नळीत उतरली होती. चुकीच्या नळीत. मला काहीच कळलं नव्हतं, ठसकासुद्धा लागला नव्हता.

"हेच वाईट," ती म्हणाली. "ठसका लागला असता तर बरं होतं. तो पहारेकरी आहे, आणि तो सध्या झोपलाय."

नळी काढायची नाही. पुढचा एक्सरे एक तारखेला. तो नापास झाला तर पोटाला भोक.

घरी येताना रिक्षात मी पाटीवर ते दोन पाइप परत काढत होतो. ही म्हणाली, "होईल. तुम्हाला कुठलंही यंत्र उघडल्याशिवाय राहवत नाही, हेही उघडाल." हिच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

१९ तारीख, मंगळवार

आवंढे. आवंढे. आवंढे.

२४ तारीख, रविवार

वर्कशॉपमधला भागीदार आला होता. त्याला सगळे भोंगा म्हणतात. का, ते तो तोंड उघडल्यावर कळतं. वाटेतच ओरडत आला, "काय रे, रोबोटनं कापलेला माणूस बघायला तिकीट आहे का?" बिस्किटांचा मोठा डबा आणला होता. कुणासाठी आणला त्यालाच ठाऊक. मला दाखवला आणि मग त्याचा चेहरा असा पडला की मलाच त्याची समजूत घालावी लागली.

हिनं त्याला चहा दिला. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही पण घ्या की."

"माझा आत्ताच झाला."

कधी झाला? सकाळपासून मी समोर बसलोय, मला तर दिसला नाही. भोंग्याचा आग्रह म्हणजे आग्रह, त्यानं बिस्कीट हिच्या हातातच ठेवलं. हिनं ते हातात धरूनच ठेवलं. भोंगा निघाला तेव्हा ते तसंच होतं, थोडं ओलं झालेलं.

जाताना दारात तो हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वहिनी वाळल्यात रे." मी म्हटलं, दवाखान्याच्या फेऱ्या काय कमी झाल्या? झिजणारच माणूस. मी बरा झालो की भरेल अंग.

नळाचा दांडाही बदलला. तरी दुपारी धो धो. हार मानणार नाही.

२७ तारीख, बुधवार

क आला! एकदाच. ‘कपाट’ मधला. गिळबाईनं टाळ्या वाजवल्या. मग मी ‘काका’ म्हणालो तर पहिला क आला, दुसरा ख. काखा. गिळबाई म्हणाली, "अर्धं काम झालं." मी म्हटलं, अर्ध्या कामाचे कोण पैसे देतं, बाई?

ठसकाही लागला. पाण्याच्या थेंबानं असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं, आणि गिळबाई आनंदानं ओरडली, "उठला! पहारेकरी उठला!" मी खोकतोय आणि दोन बायका हसताहेत. असा दवाखाना मी कधी बघितला नव्हता.

१ तारीख, सोमवार

पास!!

मान डावीकडे वळवायची, छोटा घास, दोनदा गिळायचं, मग घसा खाकरायचा. असं केलं की काळी रेघ बरोबर मागच्या नळीत. सिनेमा मी तीनदा बघायला मागितला. पोटाचं भोक रद्द. नाकातली नळी तिथंच काढली. निघताना ती इतकी लांब निघत गेली की मला वाटलं संपतच नाही.

अटी: मऊ आणि दाट. पातळ पाणी अजून नाही. आणि खाताना अजिबात बोलायचं नाही. बोललो की हवेचा रस्ता उघडतो. गिळबाईनं हे हिलाही बजावलं. "काकू, यांना जेवताना प्रश्न विचारू द्यायचे नाहीत." ही म्हणाली, "तुम्हीच सांगा बाई, माझं कुठं ऐकतात."

उद्या माझ्या खुर्चीत बसून जेवणार.

२ तारीख, मंगळवार

बसलो. टेबल पुसलेलं, समोर ही. तिच्यापुढे ताट नव्हतं. "आधी तुमचं होऊ दे," म्हणाली.

भोपळ्याचं दाट सूप. पहिला चमचा गेला. चव! इतक्या दिवसांनी! अर्धीमुर्धी, पत्र्यासारखी, पण चव. आनंदात मान वळवायची विसरलो आणि दुसऱ्या चमच्याला ते वर चढलं आणि नाकातून आलं. पिवळं. टेबलावर, शर्टावर. टाळू अजून नीट बंद होत नाही म्हणून. गिळबाईनं सांगितलं होतं, असं होईल. सांगणं वेगळं आणि होणं वेगळं.

हिनं झटकन नजर खाली वळवली. मग उठली आणि आत गेली. आत नळ सुरू झाला.

किळस आली असणार. कुणालाही येईल. मला स्वतःला आली. मी तिला दोष देत नाही, पण मनाला फार लागलं ते. वाटी घेऊन मागच्या खोलीत गेलो, हत्यारांच्या फळीशेजारच्या स्टुलावर बसलो, भिंतीकडे तोंड करून बाकीचं संपवलं. बरंच सांडलं. इथं कुणी बघत नाही.

आता असंच. हिच्यासमोर नको.

५ तारीख, शुक्रवार

दवाखान्यात एक नवीन मुलगी भेटली. तिचं कामच मुळी प्रश्न विचारायचं! ऑपरेशननंतर माणूस नुसता जगतो की बरा जगतो, हे त्यांना मोजायचंय म्हणे. जगात माझ्यासारखं आणखी कुणीतरी आहे बघून मी खूश झालो. उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडा, बराच, फार.

मी म्हटलं, "बराच आणि फार यांत फरक कसा मोजायचा? गेज कुठाय?" ती हसली आणि म्हणाली, "तुम्हाला जे वाटेल ते."

"गेल्या आठवड्यात तोंड कोरडं पडलं का?" थोडं. "खांदा दुखला का?" बराच. "लोकांना तुमचं बोलणं समजायला त्रास होतो का?" इथं मी ‘का?’ म्हणून दाखवलं, तिनं ‘खा’ ऐकलं, मग तिनं स्वतःच ‘बराच’वर खूण केली.

"घरच्यांसमोर जेवताना त्रास होतो का?"

मी विचार करून सांगितलं, "अजिबात नाही." प्रामाणिक उत्तर आहे. मी घरच्यांसमोर जेवतच नाही, मग त्रास कसला?

ही शेजारीच बसली होती. खिडकीबाहेर बघत होती, बाहेर नुसती भिंत असूनही. त्या मुलीनं हिला एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं विचारावा. मग वाटलं, ही काय सांगणार, ही तर बोलतच नाही.

माझे गुण चांगले आले म्हणे.

७ तारीख, रविवार

हे नीट लिहायला हवं.

दुपारी माझं मागच्या खोलीत झालं. दार उघडून बाहेर आलो तर नळ धो धो. वॉशर नवा, दांडा नवा, टाकीचा दाब मी स्वतः बघून आलो. आता राहिलं फक्त नळाचं बूड. म्हटलं, चालू असतानाच बघायचं, तरच कळेल. पाना घेतला आणि दार ढकललं.

ही ओट्यापाशी उभी होती. उभ्यानं. हातात ताट, तोंडात घास, आणि शेजारी नळ पूर्ण सोडलेला. नळाखाली भांडं नाही, ताट नाही, काही नाही. पाणी नुसतं मोरीत चाललेलं. चमचा ताटावर वाजला तरी बाहेर ऐकू जाऊ नये, एवढ्यासाठी.

नळ ठीक होता. पहिल्या दिवसापासून ठीक होता.

मी म्हणालो, "का?"

ख आला, अर्थातच.

तिनं घास गिळला. म्हणाली, "खातेच आहे. रोज खाते. चोरासारखी खाते."

मी मान हलवली. ख नव्हे, क. जीभ मागे ढकलली, टाळूला लावली, परत म्हणालो. परत ख.

"कळलं हो मला," ती म्हणाली. "तुमचा ‘का’ मला पहिल्या दिवसापासून कळतो. मला उत्तर देता येत नाही, म्हणून मी ‘खा’ ऐकते."

मी पाना ओट्यावर ठेवला आणि नळ बंद केला. एका बोटानं बंद झाला. घर एकदम शांत झालं. ती ताटाकडे बघत होती, आणि तिच्या बांगड्या मनगटावरून घसरून पार कोपरापर्यंत गेल्या होत्या. मी एवढे दिवस नळाचा आवाज ऐकत बसलो आणि हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. लाज वाटली. नुसती लाज नाही, भीती वाटली. गाठ माझ्या घशात होती आणि वाळत होती ही.

मी विचारलं, "त्या दिवशी किळस आली तुला?"

"किळस?" ती म्हणाली. "कसली किळस? तुमच्या नाकातून आलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं मी परकी आहे. म्हणून मी उठले. आणि तुम्ही वाटी घेऊन मागे जाऊन बसलात."

मी तिचं ताट उचललं आणि टेबलावर नेऊन ठेवलं. तिनं मात्र ते परत आत नेलं. "आज नको," म्हणाली. "उद्या."

८ तारीख, सोमवार

टेबल. माझी वाटी, तिचं ताट. मांडीवर मोठा टॉवेल घेतला. मी तिला सांगून टाकलं, नाकातून येईल, खोकला येईल, फार वेळ लागेल, वर तोंडातून एक शब्द निघणार नाही. ती म्हणाली, "बघू या."

मान डावीकडे. घास. गिळा. परत गिळा. खाकरा. मान डावीकडे.

ती ताटात बोटं फिरवत होती, खात नव्हती. आमच्या टेबलावर एवढी शांतता कधी नव्हती. बोलायचं काम माझं, आणि मला तर बंदी. मला वाटलं, ही आता उठणार. नेमकं तेव्हाच नाकातून आलं. थोडंसं. मी टॉवेलनं पुसलं आणि या वेळी तिच्याकडे सरळ बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. नजर वळवली नाही.

आणि मग ती बोलायला लागली.

"तुमचं ऑपरेशन चाललं होतं ना, तेव्हा मी बाहेर बसले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मुलगी म्हणाली, आई, काहीतरी खाऊन ये, मी थांबते. मी म्हटलं, घास उतरणार नाही. तरी गेले खाली, कॅन्टीनमध्ये. घोटभर चहा घेऊ म्हटलं. आणि मी जेवले हो. पोटभर जेवले. तुम्हाला आत कापत होते आणि मला अशी भूक लागली होती की मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. दुसऱ्यांदा! वर आले तर डॉक्टर येऊन सांगून गेलेले. पोरगी एकटी उभी. कुठं होतीस म्हणाली, तर मी सांगितलं, बाथरूमला गेले होते. मग दुसऱ्या दिवशी तुमच्या नाकात ती नळी बघितली. तेव्हापासून तुमच्यासमोर तोंडात घास घेतला की मला तेच आठवतं. ही कसली बायको, असं वाटतं."

माझ्या तोंडात घास होता. बोलायची बंदी. मी हात वर केला, थांब म्हणून. मान वळवली, गिळलं, परत गिळलं, खाकरलं. ती वाट बघत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की मी आता काय बोलीन त्यावर तिचं सगळं ठरणार होतं. मला खूप काही सांगायचं होतं: वेडी आहेस, भूक लागते माणसाला, मी आत गुंगीत होतो, मला काय कळणार होतं. पण खरं सांगायचं तर डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. इतके दिवस ना कुठला वास, ना धड चव, आणि ही म्हणते पोटभर, दुसऱ्यांदा!

मी विचारलं, "काय होतं जेवायला?"

क कसा आला, कोण जाणे. मी लक्ष दिलं नाही. तिनंही नाही. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

"काय?"

"जेवायला. काय काय होतं? सांग ना."

मग ती सांगायला लागली. आधी अडखळत, मग सुरात. भात होता, थोडा गिचका झालेला. बटाटे होते, तिखट, वर कोथिंबीर. उकडलेलं अंडं, मधोमध कापलेलं, आणि वाढणाऱ्या माणसानं न मागता दुसरं अर्धंही टाकलं. दही आंबट होतं. मी मध्येच हातानं खूण केली, बटाटे कशात परतले होते? तिला ती खूण लगेच कळली. म्हणाली, "तेल जास्तच होतं, पण त्या दिवशी ते चांगलं लागलं." मीठ कुठं कमी होतं तेही तिनं सांगितलं. बोलता बोलता तिचा हात ताटात जात होता आणि तोंडाकडे येत होता, आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मी मान डावीकडे वळवून ऐकत होतो.

माझी वाटी संपेपर्यंत तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.